लिंडनवाल्डला या

जेवण झाल्यावर प्रल्हाद गव्हाणेंनी हात धुतले, खुर्ची पुन्हा टेबलाजवळ ओढली आणि कोटाच्या खिशातून एक छोटी वही काढली.

"वहिनी, आता तुम्ही सांगायचं," ते म्हणाले. "हेमंतराव काही बोलत नाहीत. घरात तुम्ही असता दिवसभर."

वहीत तीन गावांची नावं होती. प्रत्येक नावाखाली घराचं भाडं, फ्रँकफर्टच्या मोठ्या स्टेशनपर्यंत गाडीला लागणारा वेळ, डॉक्टर, दुकान आणि शाळा. गव्हाणे माझ्या नवऱ्याच्या, हेमंतच्या ऑफिसात नव्यानं आले होते. जर्मनीत येऊन त्यांना पाच आठवडे झाले होते आणि तोवर ते कंपनीनं दिलेल्या एका खोलीत राहत होते. बायको आणि दोन मुलं लातूरला. मुलगी साडेपाच वर्षांची, मुलगा सात महिन्यांचा. एप्रिलमध्ये तिघांना आणायचं होतं. शहरात चौघांना पुरेल अशी जागा परवडणारी नव्हती, म्हणून दर शनिवारी ते एकेका गावी जाऊन पायी फिरून बघून येत होते. आमचं लिंडनवाल्ड त्यांच्या यादीत तिसरं होतं.

ही दोन हजार सहा सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. बाहेर सकाळपासून धुकं होतं आणि दुपारी दीड वाजता आमच्या घरात दिवे लागलेले होते.

पहिलं गाव त्यांनी जवळजवळ पक्कं केलं होतं. विमानतळाच्या बाजूला होतं, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पण तिथं आपली दहा-बारा कुटुंबं होती. एकानं तर स्टेशनवर येऊन त्यांना घरी नेऊन पोहे खायला घातले होते.

मी त्यांना विचारलं की त्या घरात बसलात तेव्हा विमानाचा आवाज आला का. आला, ते म्हणाले. मग मी म्हणाले की तो दर दोन-तीन मिनिटांनी येतो, पहाटे पाचपासून. सात महिन्यांचं बाळ तिथं झोपणार कसं, आणि ते झोपलं नाही तर त्याची आई तीन जिने उतरून जाणार कुठं. गव्हाणेंनी पेन्सिलीनं वहीत काहीतरी लिहिलं.

मी त्यांना आमच्या गावाबद्दल सांगत गेले. नदीकाठचा रस्ता, बाबागाडी सहज जाते. डॉक्टर म्हातारे आहेत पण प्रेमळ, इंग्रजी बोलतात. गाडी दर अर्ध्या तासाला, पन्नास मिनिटांत फ्रँकफर्ट. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून तळमजल्याचं एक घर रिकामं झालं होतं, मागं थोडी बाग होती. घरमालकिणीला मी ओळखत होते.

"आणि शाळा?" त्यांनी विचारलं.

"चालत पाच मिनिटं. मोठा रस्तासुद्धा ओलांडावा लागत नाही."

"गार्गी तिथंच जाते?"

गार्गी आमची मुलगी. तेव्हा साडेआठ वर्षांची होती. ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला दहीभात खात होती. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं.

"तिथंच घातली होती पहिलीला," मी म्हणाले. "आता शेजारच्या गावात जाते. हेमंत जाताना सोडतो आणि पुढची गाडी पकडतो. तिथं व्हायोलिन शिकवतात."

हेमंत उठला आणि चहाचं आधण ठेवायला आत गेला.

गव्हाणेंनी वही मिटली. मग थोडा वेळ ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. बाहेर दिसण्यासारखं काही नव्हतं. "आमची कावेरी गावाबाहेर कधी राहिली नाही, वहिनी," ते म्हणाले. "चार माणसांत वाढलेली आहे. तिला करमलं नाही तर माझं काही खरं नाही. इथं आणू का लेकरांना? तुम्ही म्हणाल तसं करतो."

"आणा," मी म्हणाले. "मी आहे ना."

हेमंत त्यांना स्टेशनवर पोचवून परत आला तेव्हा मी ताटं घासत होते. त्यानं विचारलं, सगळं सांगितलंस का त्यांना. विचारलं तेवढं सांगितलं, मी म्हणाले. सोमवारी मीच बोलतो त्यांच्याशी, असं तो म्हणाला. तो बोलला नाही, आणि बोललास का असं मी त्याला कधी विचारलं नाही.

कावेरी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आली. मी त्यांच्या घरी आधीच दूध, डाळ, तांदूळ, कांदे-बटाटे नेऊन ठेवले होते आणि पडदे लावले होते. ती दारातून आत आली, घर बघितलं, मागची बाग बघितली आणि माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला वर उठवलं. माझ्यापेक्षा ती सहा-सात वर्षांनी लहान होती. त्या दिवसापासून ती मला ताई म्हणायला लागली.

त्याआधीची अडीच वर्षं माझी कशी गेली होती ते सांगायला हवं. मी मिरजेला सहा वर्षं प्राथमिक शाळेत शिकवत होते. दिवसभर बोलणं हेच माझं काम होतं. लिंडनवाल्डमध्ये हेमंत आणि गार्गी सकाळी सव्वासातला बाहेर पडत आणि संध्याकाळपर्यंत मला कुणाशी बोलायला काही कारण नसे. बेकरीत पाव मागायला तीन शब्द लागत. खालच्या मजल्यावरची म्हातारी जिन्यात भेटली तर दोन. भाषा मी शिकले होते, परीक्षाही दिली होती, पण ती बोलायची कुणाशी. एकदा हेमंतनं ऑफिसातून फोन केला तेव्हा मला माझाच आवाज घोगरा वाटला, आणि लक्षात आलं की सकाळपासून घशातून शब्दच काढला नव्हता. हिवाळ्यात चार वाजता अंधार पडायचा. मी चारला सगळ्या खोल्यांतले दिवे लावायची.

कावेरी आली आणि हे संपलं. बाळाला बाबागाडीत घालून ती नऊ वाजता माझ्या दाराशी यायची. आम्ही नदीकाठानं जायचो. ती लातूरच्या गोष्टी सांगायची, सासूच्या नकला करायची, बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यांना मराठीत नमस्कार घालायची आणि ते टोप्या काढायचे. तिनं आमच्या गॅलरीत शेंगदाण्याची चटणी कुटली तेव्हा खालची म्हातारी काय कोसळलं म्हणून वर बघायला आली आणि चमचाभर चटणी खाऊन गेली. एवढी मी कितीतरी वर्षांत हसले नव्हते.

आणि ईश्वरी. कावेरीची मुलगी. केसांच्या दोन वेण्या, पुढचे दोन दात पडलेले, आणि तोंड एक क्षण बंद नाही. ती बदकांशी बोलायची, पाट्यांशी बोलायची, बाळाला दिवसभर काय काय घडलं ते सांगायची. "हिला शाळेत मास्तरीण वैतागणार," कावेरी म्हणायची.

ऑगस्टच्या शेवटी तिची शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी मुलाच्या हातात खाऊनं भरलेला पुठ्ठ्याचा मोठा शंकू द्यायची तिथं पद्धत आहे. कावेरीनं आणि मी तो दोन दिवस बसून बनवला, लाल कागद चिकटवला, वर सोनेरी फीत. ईश्वरीपेक्षा तो थोडासाच लहान होता. शाळेच्या पायऱ्यांवर तिचा फोटो मीच काढला. तोही फाटकातून, आत गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

ऑक्टोबरमध्ये कावेरी म्हणाली की पोरगी शाळेतून येते आणि जोडे न काढता पलंगावर जाऊन बसते. नोव्हेंबरमध्ये म्हणाली, बाई सांगतात की ही वर्गात एक अक्षर बोलत नाही. मग घरातही कमी झालं. वडिलांशी बंद, मग आईशी. फक्त बाळाच्या कानाशी लागून कुजबुजायची, आणि कुणी खोलीत आलं की तेही थांबायचं. आमच्याकडं आली की गार्गीच्या खोलीत जाऊन दाराआड बसून राहायची. गार्गी तिला काही विचारायची नाही. तीही तिच्याशेजारी जमिनीवर बसायची.

"ताई, गार्गीचं झालं होतं का असं काही?" कावेरीनं मला विचारलं.

"सुरुवातीला होतं सगळ्यांचंच," मी म्हणाले. "नवीन भाषा आहे. येईल."

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शाळेतून पत्र आलं. आईवडिलांनी मुख्याध्यापिकांना भेटावं. गव्हाणे कामासाठी म्युनिकला गेले होते आणि चार दिवस येणार नव्हते. भेट पुढं ढकलावी, असं मी सुचवलं. हेमंत सुट्टी काढेल, त्याला घेऊन जा, असंही म्हणाले. कावेरीला ते कळलंच नाही. "तुम्ही असताना त्यांना कशाला त्रास, ताई?" ती म्हणाली. "तुम्ही तर शाळेतल्याच. तुम्हाला बरोबर समजतं."

आम्ही तीन वाजता गेलो. बाळ आमच्या खालच्या म्हातारीकडं ठेवलं होतं. ईश्वरीला बाहेरच्या बाकावर बसवलं. तो बाक मला माहीत होता.

मुख्याध्यापिका ब्रेमरबाई उंच, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी आधी कावेरीशी हात मिळवला, मग माझ्याशी. माझा हात त्यांनी जरा जास्त वेळ धरला.

"तुम्हाला मी ओळखते," त्या म्हणाल्या. "तुम्ही गार्गीच्या आई. कशी आहे गार्गी? बोलायला लागली का ती?"

मी हो म्हणाले. कावेरी माझ्याकडं बघत होती. मी तिला सांगितलं की बाई विचारपूस करताहेत.

मग ब्रेमरबाई बोलत गेल्या आणि मी एकेक वाक्य मराठीत आणत गेले. ईश्वरी हुशार असेल, पण आमच्यापुढं तोंडच उघडत नाही, तर आम्ही ते ठरवणार कसं. भाषा न येणाऱ्या मुलांसाठी आमच्या छोट्या शाळेत वेगळ्या शिक्षिका नाहीत. पंचवीस मुलांच्या वर्गात एकटीकडं बघायला कुणाला वेळ नाही. म्हणून तिला मागच्या टेबलावर चित्रं रंगवायला देतात. बाथरूमला जायचं कसं विचारायचं ते तिला येत नव्हतं, त्यामुळं दोनदा पंचाईत झाली, मुलं हसली. याचं आम्हाला वाईट वाटतं. आता आमचं मत असं की तिला मतिमंद मुलांच्या शाळेत पाठवावं, तिथं वर्ग छोटे असतात.

हे शेवटचं वाक्य मी सौम्य करून सांगितलं. सौम्य करूनही कावेरीचा चेहरा पांढरा पडला. "त्यांना विचारा, दुसरं काही करता येत नाही का," ती म्हणाली.

मी विचारलं. ब्रेमरबाईंनी हातातला कागद खाली ठेवला आणि माझ्याकडं नीट बघितलं. त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं होतं.

"पण ते तर तुम्हालाच ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "शेजारच्या गावात अशा मुलांसाठी वेगळा वर्ग आहे. गार्गीच्या वेळी मी तुम्हाला याच खोलीत सांगितलं होतं, आणि तुम्ही तिला तिकडं नेलंत. योग्यच केलंत. यांना तुम्ही सुरुवातीलाच का नाही सांगितलं? आता तिथं पुढच्या वर्षापर्यंत जागा नाही. मी चौकशी केली."



"काय म्हणतात?" कावेरीनं विचारलं. मग माझी बाही ओढून पुन्हा विचारलं. "ताई, त्या सारखं गार्गीचं नाव का घेतात?"

गार्गी त्या शाळेत एक वर्ष होती. तिलाही मागच्या टेबलावर बसवत, चित्रं रंगवायला देत. तिनंही भर वर्गात दोनदा कपडे ओले केले. आठ महिने ती शाळेत एक शब्द बोलली नाही आणि शेवटचे दोन महिने घरातही नाही. मी, सहा वर्षं पहिलीला शिकवलेली बाई, रोज तिचं दप्तर आवरून देत होते आणि तिच्या ओठांकडं बघत बसत होते. नव्या शाळेत गेल्यावर ती पुन्हा बोलू लागायला पाच महिने लागले. व्हायोलिन तिनं कधी हातात धरलं नाही.

हे सगळं मी त्या खोलीत कावेरीला सांगितलं, व्हायोलिनचंही. ब्रेमरबाईंना मराठी कळत नव्हतं, त्या शांतपणे थांबल्या. माझं बोलून झाल्यावर कावेरीनं त्यांना जर्मनमध्ये "धन्यवाद" म्हटलं. तेवढं तिला मीच शिकवलं होतं. मग ती बाहेर गेली, ईश्वरीच्या कोटाची बटणं लावली आणि तिचा हात धरला.

आम्ही तिघी शाळेच्या फाटकाबाहेर आलो. धुक्यात समोरचं चर्चसुद्धा दिसत नव्हतं. थोडं चालून गेल्यावर कावेरी थांबली.

"यांनी त्या दिवशी तुमच्या घरी विचारलं, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मी मागच्या महिन्यात विचारलं, तेव्हा?"

"हो, कावेरी."

"तेव्हा जागा असंल त्या शाळेत."

मला माहीत नव्हतं. असेलही. मी म्हणाले, "मला इथं बोलायला कुणी नव्हतं गं. तुम्ही त्या दुसऱ्या गावाला गेला असता."

ती रडली नाही. तिनं ईश्वरीचे कान दोन्ही हातांनी झाकले, टोपी नीट करावी तसे.

"तुम्हाला बोलायला माणूस पाहिजे होतं," ती म्हणाली, "म्हणून माझी पोरगी मुकी झाली."

मग ती मुलीला घेऊन पुढं गेली. बाळ आमच्या खालच्या म्हातारीपाशी होतं, त्यामुळं आम्हाला एकाच रस्त्यानं जायचं होतं. ती पुढं आणि मी वीस पावलं मागं, अशा आम्ही घरापर्यंत गेलो.

त्यानंतर ती माझ्याकडं आली नाही. गव्हाणे म्युनिकहून परतल्यावर मी हेमंतला घेऊन त्यांच्या घरी गेले. गव्हाणे ओरडले नाहीत. समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाले, वहिनी, मी तुमचं ऐकून पहिलं गाव सोडलं. घराचा करार दोन वर्षांचा होता, लगेच दुसरीकडं जाणं शक्य नव्हतं. हेमंतनं शेजारच्या गावच्या शाळेत तीन चकरा मारल्या. शेवटी तिथल्या बाई इतकंच म्हणाल्या की ईश्वरीला दुपारी दोन तास भाषेच्या शिकवणीला पाठवा. हेमंत त्यासाठी ऑफिसातून लवकर निघून तिला आमच्या मोटारगाडीनं नेणार होता. गव्हाणे तयार झाले. कावेरी आतल्या खोलीतून दारात आली.

"तुमच्या गाडीत नाही पाठवायचं तिला," एवढंच ती बोलली.

जानेवारीपासून ईश्वरी त्या दुसऱ्या, मतिमंद मुलांच्या शाळेत जायला लागली. सकाळी सातला एक छोटी पांढरी गाडी तिला न्यायला यायची. मी गॅलरीतून बघायची. गाडी वळणावर थांबायची, कावेरी तिला आत बसवायची, पट्टा लावायची आणि गाडी गेल्यावर बराच वेळ तिथंच उभी राहायची. बेकरीत आमची गाठ पडली तर ती मान लववायची आणि कशा आहात विचारायची. मी बरी आहे म्हणायची. पाव मागायला मला जितके शब्द लागत, तितकेच आता कावेरीशी बोलायला लागत.

मार्चमध्ये हेमंतची पुण्याला बदली झाली. त्यानं ती मागून घेतली होती, हे त्यानं मला फार नंतर सांगितलं. मला मोकळं वाटलं, हे मी लपवणार नाही. सामान बांधताना मी एकदाही खिडकीबाहेर बघितलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी कावेरीकडं गेले. तिनं दार उघडलं. बाळ आता चांगलं पळायला लागलं होतं आणि तिच्या पायाला धरून उभं होतं. मी जे ठरवून गेले होते त्यातलं काहीच बोलता आलं नाही. उद्या जातोय, म्हणाले. तिनं थांबा म्हटलं, आत गेली आणि कुंकवाची कोयरी घेऊन आली. घरी आलेल्या सवाष्णीला रिकाम्या कपाळानं परत पाठवायचं नाही, एवढं तिनं पाळलं. बोट माझ्या कपाळाला लावताना तिची नजर माझ्या भुवयांच्या वर होती.

"तू काय करशील आता इथं?" मी विचारलं.

"राहीन," ती म्हणाली.

आत, पॅसेजच्या टोकाशी ईश्वरी उभी होती. मी तिला हात केला. तिनं हात हलवला नाही, पण ती आतही गेली नाही. मी फाटक लावेपर्यंत तिथंच होती.

पुढची चौदा वर्षं मला त्यांच्याबद्दल काही कळलं नाही. हेमंतनं ती कंपनी सोडली. गार्गी मोठी झाली, वकील झाली, भरपूर बोलते. लिंडनवाल्डचं नाव आमच्या घरात कुणी काढत नाही.

मागच्या दिवाळीत आमच्या शेजारच्या साठ्यांची सून, मृण्मयी, मुलीला घेऊन आली होती. ती फ्रँकफर्टला असते. आम्ही काही वर्षं जर्मनीत होतो एवढंच तिला माहीत होतं, कुठं ते तिनं विचारलं नाही. चहा घेता घेता ती तिथं घर शोधताना काय हाल झाले ते सांगायला लागली. मुलगी चार वर्षांची, शहरात जागा परवडेना, मग शनिवारी शनिवारी आसपासची गावं बघत हिंडायचं.

"एका गावात तर आम्ही घर पक्कंच करणार होतो," ती म्हणाली. "लिंडनवाल्ड म्हणून आहे. सुंदर होतं हो. नदी, बाग. तिथं एक मराठी काकू राहतात असं कळलं म्हणून भेटायला गेलो. त्यांनी पाणीसुद्धा द्यायच्या आधी सांगितलं, इथं येऊ नका, इथली शाळा भाषा न येणाऱ्या लेकरांसाठी नाही. ह्यांना जरा राग आला. मागून मलाच वाईट वाटलं. एवढ्या वर्षांत दुसरं कुणी मराठी घर नाही तिथं. आमच्यामुळं त्यांना सोबत झाली असती. पण त्यांनी आम्हाला जेवायला घालून, स्टेशनपर्यंत येऊन, हातात दुसऱ्या गावाचा पत्ता दिला."

मी विचारलं, त्यांची मुलं काय करतात.

"मुलगा शिकतोय. मुलगी एका रोपवाटिकेत कामाला आहे. आम्ही गेलो तेव्हा ती घरातच होती. फार शांत आहे. आम्ही मराठीत बोललो की तिला कळायचं, पण ती आईला जर्मनमध्ये उत्तर द्यायची, तेही एखाद्या शब्दात." मृण्मयीनं कप खाली ठेवला. "मी काकूंना म्हटलं, तुम्ही इथं कशा काय राहिलात. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का आधी?"

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, सांगणार कोण? आम्ही आलो तेव्हा इथं आपलं कुणीच नव्हतं."

मृण्मयी माझ्याकडं बघत होती. काहीतरी बोलायला हवं होतं.

"बरोबर आहे," मी म्हणाले.